माईक लावला होता, पण आवाज आलाच नाही : लॅपटॉपला बाहेरचा माईक जोडताना

गेल्या वर्षावासात आम्ही चार जण एका आजींच्या घरी गेलो होतो. १९५६ साली त्या तेरा-चौदा वर्षांच्या होत्या आणि आई-वडिलांसोबत नागपूरला दीक्षेला गेल्या होत्या. गाडीतली गर्दी, आईने कुणाकडून तरी उसनं आणलेलं पांढरं लुगडं, परत आल्यावर घरातले देव नदीत सोडताना थोरल्या काकांचा झालेला चेहरा, असं सगळं त्यांनी दीड तास सांगितलं. मध्येच बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्याही म्हटल्या. माईक त्यांच्या पदराला टाचलेला होता, लॅपटॉपच्या पडद्यावर आवाजाची रेघ वरखाली होत होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

घरी येऊन ऐकलं तर छताचा पंखा, कुकरच्या शिट्ट्या आणि आमच्यापैकीच कुणीतरी कीबोर्डवर केलेली टकटक. आजी कुठेतरी मागे, विहिरीच्या तळातून बोलल्यासारख्या. पदराचा माईक लॅपटॉपने घेतलाच नव्हता. दीड तास त्याने आपल्याच पोटातल्या माईकवर रेकॉर्डिंग केलं होतं.

आम्ही पुन्हा गेलो. आजी न रागावता पुन्हा बोलल्या. पण दोन ओव्या काही केल्या त्यांना आठवल्या नाहीत.

हा लेख त्या दोन ओव्यांमुळे लिहितो आहोत. आपल्या चळवळीतले बरेच तरुण आज लॅपटॉप घेऊन ज्येष्ठांकडे जातात, विहारातलं ग्रंथवाचन ऑनलाइन दाखवतात, व्याख्यानं रेकॉर्ड करतात. चित्राकडे सगळ्यांचं लक्ष असतं, आवाजाकडे कुणाचं नसतं. आपला इतिहास मात्र बराचसा आवाजातच आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ साली आलेलं पुस्तक चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांना बोलतं करून उभं राहिलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. १९५६ ला जी मुलं दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या घरात आहेत. तेव्हा मुद्द्यावर येऊ.

जुन्या लॅपटॉपला शेजारी-शेजारी दोन छिद्रं असायची, एक माईकचं आणि एक हेडफोनचं. संगणकावर त्यांना गुलाबी आणि हिरवा रंग दिलेला असे, त्यामुळे चुकायला वाव नव्हता. आताच्या लॅपटॉपवर एकच छिद्र असतं. हेडफोन आणि माईक दोन्हींचं काम त्या एकातच बसवलंय, मोबाईलसारखं. घोळ इथून सुरू होतो.

तुमच्या माईकची पिन हातात घ्या आणि तिच्यावरच्या बारीक पट्ट्या मोजा. त्या बहुधा काळ्या असतात. दोन पट्ट्या असतील तर पिनेच्या धातूचे तीन भाग पडतात, तीन पट्ट्या असतील तर चार. नव्या लॅपटॉपचं छिद्र चार भागांच्या पिनेसाठी बनवलेलं आहे. टोकाचा भाग डाव्या कानाचा, दुसरा उजव्या कानाचा, तिसरा अर्थिंगचा आणि बुडाचा चौथा माईकचा. कॅमेऱ्यासाठी किंवा जुन्या संगणकासाठी बनवलेल्या माईकला मात्र तीनच भागांची पिन असते. तिच्यात माईकचा आवाज टोकाला असतो आणि बुडाशी अर्थिंग. ही पिन नव्या छिद्रात घातली की लॅपटॉप जिथे माईक शोधतो तिथे त्याला अर्थिंग सापडतं. तो समजतो, साधा हेडफोन लावलाय. स्पीकर बंद करतो, माईक आपला आतलाच चालू ठेवतो, आणि पडद्यावर काहीही तक्रार करत नाही. आमच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. माईक कॅमेऱ्याचा होता, चांगला होता. पिनेवर पट्ट्या दोन होत्या.

उपाय महाग नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘माईक आणि हेडफोनचा स्प्लिटर’ मागा. त्याची एक बाजू चार भागांच्या पिनेची असते, ती लॅपटॉपमध्ये जाते. दुसऱ्या बाजूला दोन छिद्रं असतात, एकावर माईकचं चित्र, एकावर हेडफोनचं. दुकानदार बऱ्याचदा दोन हेडफोन लावायचा स्प्लिटर हातात ठेवतो. तो दिसायला तसाच असतो, पण आपल्या काही उपयोगाचा नाही. माईकचं चित्र पाहूनच घ्या. स्प्लिटरमुळे रेकॉर्डिंग चालू असताना हेडफोन लावून ऐकताही येतं.

मोबाईलसाठी मिळणारे कॉलर माईक बहुधा चार भागांच्या पिनेचे असतात. ते थेट लॅपटॉपच्या छिद्रात चालतात. मात्र ते लावल्यावर स्पीकर गप्प होतो, कारण लॅपटॉपला वाटतं हेडफोनही आला आहे. घाबरू नका, बिघाड झालेला नाही. असा माईक वरच्या स्प्लिटरच्या माईकच्या छिद्रात घातलात तर मात्र चालणार नाही, कारण ते छिद्र तीन भागांच्या पिनेचं आहे. काही कॉलर माईकच्या वायरवर एक छोटी डबी असते, तिच्यावर मोबाईल आणि कॅमेरा असं बटण असतं आणि आत गोल सेल असतो. लॅपटॉपला लावताना बटण मोबाईलकडे ठेवा. लॅपटॉप त्या माईकला लागणारी थोडी वीज स्वतःच पुरवतो.

आम्हाला स्वतःला आता यूएसबीचा रस्ता जास्त भरवशाचा वाटतो. काही शे रुपयांत अंगठ्याएवढं यूएसबी साउंड कार्ड मिळतं. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला जुन्या लॅपटॉपसारखी दोन वेगळी छिद्रं. तीन भागांचा माईक त्यात सरळ चालतो आणि लॅपटॉपच्या यादीत त्याचं वेगळं नाव दिसतं, त्यामुळे आतला माईक कोणता आणि बाहेरचा कोणता हे कळतं. यूएसबी माईकमध्ये हीच सोय आत बसवलेली असते. ज्या लॅपटॉपला गोल छिद्रच नाही, फक्त टाइप-सी आहे, त्याला हाच मार्ग. टाइप-सीमधून गोल छिद्र काढणारे जोड मिळतात, पण काही फक्त हेडफोनचे असतात आणि काही ठरावीक मोबाईलवरच चालतात. विकत घेताना लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातच माईक लावून बघा. एवढ्या गोष्टीत संकोच नको.

ब्लूटूथ इअरफोनवर मुलाखत रेकॉर्ड करू नका. त्यातला माईक चालू झाला की ब्लूटूथ फोनवर बोलण्याच्या प्रतीवर उतरतं आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. बैठकीला ठीक, जतन करायला नाही.

माईक जोडला म्हणजे अर्धं काम. आता लॅपटॉपला सांगावं लागतं की हा वापर. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, साउंड असं गेलात की ‘इनपुट’ खाली माईकची यादी दिसते. तिथून आपला निवडा. काही लॅपटॉपवर पिन घालताच ‘कोणतं उपकरण लावलं?’ असं विचारणारी चौकट येते. घाईत ती बंद केली की लॅपटॉप आपल्या मनाने ठरवतो. मॅकवर सिस्टम सेटिंग्जमध्ये साउंड आणि मग इनपुट. यादीत माईक दिसतोय आणि तरी आवाज शून्य असेल तर ‘प्रायव्हसी’मधली माईकची परवानगी बंद आहे का पाहा. अनेक लॅपटॉपच्या वरच्या ओळीत माईक बंद करायची कळही असते, तिच्यावर चुकून बोट पडलेलं असतं. यानंतरही झूम, गुगल मीट किंवा ऑडॅसिटी यांची माईक निवडायची आपली वेगळी जागा असते. विंडोजमध्ये बाहेरचा आणि झूममध्ये आतला, असं सर्रास होतं.

मग खात्री कशी करायची? बोलून बघू नका. बोललात की दोन्ही माईकवर आवाज जातो आणि रेघ हलते. आम्ही त्यालाच फसलो. त्याऐवजी कॉलर माईकवर नखाने हलकेच खाजवा. रेघ उसळली पाहिजे. मग लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेला, कीबोर्डजवळ तसंच खाजवा. तिथे उसळली तर आतला माईक चालू आहे. दहा सेकंदांचं काम आहे. यानंतर अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करून हेडफोनवर ऐका, मगच आजी-आजोबांना बोलायला सांगा.

आवाजाची पातळी अशी ठेवा की समोरची व्यक्ती जोरात बोलली तरी रेघ लाल होणार नाही. ऑडॅसिटीत सर्वात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिला की पुरे. हळू आलेला आवाज नंतर थोडा वाढवता येतो, फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर टाचा. लुगड्याच्या पदराला लावला तर पदर सरकतो आणि खरखर येते, त्यापेक्षा ब्लाउजच्या काठाला आजींना स्वतःलाच लावू द्या. पंखा बंद करायला सांगायला लाज वाटते, आम्हालाही वाटायची. उन्हाळ्यात तर कठीणच. मग निदान बोलणाऱ्याला पंख्याखालून हलवा. घूं असा सतत आवाज येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. बऱ्याच घरांत अर्थिंग धड नसतं, त्याचा हा आवाज असतो.

एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. बैठकांची ॲप्स आणि कधी कधी लॅपटॉपही, मागचा गोंगाट काढण्याच्या नावाखाली आवाज गाळतात. ही गाळणी बोलण्यासाठी बनवलेली आहे, गाण्यासाठी नाही. एखाद्या गायनपार्टीने झूमवर भीमगीत सुरू केलं की ढोलकी गायब होते आणि गायकाचे लांबवलेले सूर तुटतात. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा आणि विंडोजमध्ये ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ बंद करा. ओव्या, पाळणे, शाहिरी, सुत्तपठण यांच्यासाठी हे करायलाच हवं.

विहारातल्या माईकबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. विहारात बहुधा हातात धरायचा डायनॅमिक माईक असतो, त्याची मोठी पिन अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाते. त्या पिनेला छोटा जोड लावून ती लॅपटॉपमध्ये घालायचा मोह होतो. तसं केलं तर आवाज अगदी क्षीण येतो आणि वाढवला की सूं-सूं वाढते, कारण या माईकचा विजेचा झोत फार अशक्त असतो. त्याला मध्ये ऑडिओ इंटरफेस लागतो. उलट, अ‍ॅम्प्लिफायरची स्पीकरला जाणारी वायर लॅपटॉपच्या माईकच्या छिद्रात कधीही घालू नका. त्या छिद्राला व्होल्टच्या हजारांश भागांची सवय असते, स्पीकरच्या वायरीत कितीतरी व्होल्ट असतात. लॅपटॉप जळू शकतो. आम्ही सोपा मार्ग काढलाय. विहाराच्या यंत्रणेला हातच लावत नाही. भन्ते किंवा वाचन करणाऱ्या उपासिका ज्या स्टँडसमोर बसतात, त्याच स्टँडला आपला कॉलर माईक चिकटपट्टीने बांधतो. लोक त्यांच्या स्पीकरवर ऐकतात, ऑनलाइनवाले आमच्या माईकवर.

मुलाखत जतन करायची असेल तर एमपीथ्री नको, डब्ल्यूएव्ही फाइल ठेवा. एका माईकच्या, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटच्या रेकॉर्डिंगला तासाला साधारण ३२० एमबी लागतात. एवढी जागा आज कुठल्याही पेनड्राइव्हमध्ये असते. आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर सर्वात आधी बोलणाऱ्याची संमती आवाजात घ्या. कुठे दाखवायचं, कुणाचं नाव घ्यायचं नाही, हे त्यांनी ठरवायचं. गावातल्या अत्याचाराची आठवण सांगणाऱ्या बाईला त्याच गावात राहायचं असतं, आपण संध्याकाळच्या एसटीने निघून जातो.

घरातून निघण्याआधी फाइल पेनड्राइव्हवर घ्या, नावात तारीख आणि गाव टाका. एक प्रत त्या घरच्यांना द्या, तीही केबल लावून फोनमध्ये. आमच्या आजींचं दुसऱ्या खेपेचं रेकॉर्डिंग आज तीन ठिकाणी आहे. एक आमच्याकडे, एक त्यांच्या विहारातल्या ग्रंथालयात आणि एक नातीच्या फोनमध्ये. ती ते कामावर जाताना ऐकते, आणि एका ओवीतला शब्द आम्ही लिहून घेताना चुकवलाय असं तिने गेल्या महिन्यात कळवलं.