अंडे आणि आगोट

मे महिना उजाडला की आमच्या गच्चीवर अजूनही सांडग्या-कुरडयांची वाळवणे पडतात. राखणीचे काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आले आहे. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या सांभाळल्या, आता कावळे हाकतो. जबाबदारी तीच!

दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी माझ्या डोक्यात अंडी शिरली. मुलाने विजेवर चालणारे वाळवणयंत्र घरी आणले होते. म्हटले, पापड वाळतो, बोंबील वाळतो, मग अंडे का नाही? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ साली अंडी रेशनवर आली आणि पुढच्या वर्षापासून घरोघरी अमेरिकेतून आलेल्या भुकटीचे डबे पोचले. एका डब्यात बारा अंडी. हे वाचलेले डोक्यात होतेच.

मी २४ अंडी फेटली, ताटांत पातळ ओतली आणि रात्रभर यंत्रात ठेवली. सकाळी पिवळे पापुद्रे निघाले. मिक्सरमधून काढल्यावर भुकटी भरली पाव किलोच्या जरा वर. अंड्यात पाऊण हिस्सा पाणीच. हिशेब चोख जुळला. बरणीवर तारीख घालून मी सौ.समोर ठेवली. "घ्या, वर्षाची बेगमी!"

तिने झाकणसुद्धा उघडले नाही. "अहो, पण यात राखणदार कोण?"

मला कळेना. मग तीच म्हणाली, "पापडात मीठ असतं, पापडखार असतो. कुरडईचा चीक आधी शिजवतो. तुम्ही कच्चं अंडं नुसतं वाळवलंत."

सून तेव्हा सातव्या महिन्यात होती. मी पुस्तके काढून बसलो आणि घाम फुटला. कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो. वाळवल्याने तो मरेलच असे नाही. कोरड्यात तो महिनोन्महिने निपचित पडून राहतो, उष्णतेलाही सहज दाद देत नाही, आणि पाणी मिळाले की पुन्हा वाढू लागतो. गरोदर बाई, तान्हे मूल आणि माझ्यासारखे म्हातारे यांना त्याचा धोका अधिक. शिवाय बलकातली चरबी हवेने खवट होते ती वेगळीच. कारखान्यात अंड्याचा रस ठरलेल्या तापमानाला तापवून जंतू मारतात, मग गरम हवेत त्याचे तुषार उडवून क्षणात भुकटी करतात आणि ती तपासूनच बाहेर सोडतात. तमिळनाडूत इरोडकडे अशी भुकटी बनते. हे घरच्या ताटात साधणारे काम नव्हे.

तेव्हा आठवली कोकणातल्या माझ्या पहिल्या बदलीची घरमालकीण. पावसाआधी तिची आगोट भरायची: सुकट, कडवे वाल, आमसुले, मीठ. मी एकदा विचारले, "काकी, अंडी नाही का साठवत?" परसातल्या कोंबडीकडे बोट दाखवून ती हसली, "ती काय फिरतेय साठवण!"

काय वाळवायचे हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच, पण काय वाळवायचे नाही हेही त्यांनी ठरवून ठेवले होते. त्या यादीत अंडे कुठेच नव्हते, हे मी पाहिलेच नाही.

ती बरणी मी कागदात बांधून कचऱ्यात टाकली आणि हात साबणाने दोनदा धुतले. यंत्रात आता कोथिंबीर आणि कढीपत्ता वाळतो. नात दीड वर्षाची झाली आहे. तिचे अंडे रोज ताजे, पूर्ण उकडलेले असते. सोलायचे काम माझे.