प्रगत स्तनकर्करोग : वैद्य व औषधी विक्रेत्यांचे कर्तव्य

स्तनकर्करोगाविषयीच्या जनजागृतीचा सारा भर 'गाठ लवकर ओळखा' या एका सूचनेवर असतो. ही सूचना योग्यच आहे. परंतु ज्या स्त्रीचा रोग स्तन व काख यांच्या पलीकडे पोहोचला आहे, तिच्याविषयी गुलाबी फितीच्या कार्यक्रमांत क्वचितच कोणी बोलते. ही उणीव ध्यानात घेऊन २००९ साली अमेरिकेत १३ ऑक्टोबर हा दिवस अशा रुग्णांसाठी राखण्यात आला. आपल्या चिकित्सालयांत मात्र ही रुग्णा ऑक्टोबरची वाट न पाहता येते, आणि पुष्कळदा निदान होण्यापूर्वीच येते. म्हणून हा विषय वैद्यवर्गापुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

'प्रगत' या शब्दात दोन भिन्न अवस्था येतात. तिसऱ्या टप्प्यात रोग स्तन, त्वचा व जवळच्या लसिकाग्रंथी येथे पसरलेला असतो आणि तो पूर्ण बरा करण्याच्या हेतूनेच चिकित्सा केली जाते. चौथ्या टप्प्यात तो अस्थी, फुप्फुस, यकृत वा मेंदू येथे रुजलेला असतो. अस्थीत गेलेला स्तनकर्करोग हा 'हाडांचा कर्करोग' नव्हे; तो स्तनाचाच राहतो व त्याची चिकित्साही त्याच्या मूळ प्रकृतीनुसार, म्हणजे संप्रेरक-ग्राहक व हर-२ या तपासण्यांनुसार ठरते. चौथा टप्पा सहसा समूळ बरा होत नाही, तथापि योग्य चिकित्सेने अनेक स्त्रिया वर्षानुवर्षे संसार व नोकरी सांभाळतात. 'आता काही उपयोग नाही' हे वाक्य म्हणूनच वैद्याच्या तोंडी शोभत नाही.

आता आपल्या दैनंदिन व्यवहारातील सर्वांत धोक्याचा प्रसंग पाहू. पन्नाशीची एक स्त्री कटिशूल घेऊन येते. आपण वातव्याधी गृहीत धरतो. स्नेहन, स्वेदन, कटिबस्ती, मर्दन असा क्रम ठरतो. आठ-दहा वर्षांपूर्वी तिच्या स्तनावर शस्त्रकर्म झाले होते, हे ती आपण होऊन सांगत नाही, कारण तिच्या दृष्टीने ते प्रकरण संपलेले असते. संप्रेरकांवर अवलंबून असणारा स्तनकर्करोग मात्र दहा, प्रसंगी वीस वर्षांनीही पुन्हा डोके वर काढतो, आणि अस्थी हे त्याचे आवडते स्थान आहे. पोखरलेल्या कशेरुकेवर जोराचे मर्दन केल्यास अस्थिभंग होऊ शकतो. यास्तव चाळिशीनंतरच्या प्रत्येक स्त्रीस कटिशूलाचा उपक्रम आरंभण्यापूर्वी 'स्तनाचे काही ऑपरेशन झाले होते का?' हा प्रश्न विचारावा, असा आमचा आग्रह आहे. उत्तर होकारार्थी असून वेदना रात्री वाढत असेल वा विश्रांतीने शमत नसेल, तर आधी तिच्या कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे. पायांत दुर्बलता, बधिरता किंवा मूत्रप्रवृत्तीस अवरोध असेल, तर मेरुरज्जूवर दाब आल्याची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात रवाना करावे. येथे एका दिवसाचा विलंबही कायमच्या पंगुत्वास कारण होतो. अशा रुग्णेतील नवा श्वास, हट्टी कोरडा कास, कामला अथवा वाढत जाणारा शिरःशूल यांसही हाच न्याय लावावा.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन स्थिर, खोल मुळाचे, मंद वेदनेचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे असे केले आहे. आधुनिक निदानाशी त्याचे तंतोतंत समीकरण मांडण्याच्या मोहात आम्ही पडणार नाही. एवढे मात्र खरे की 'दुखत नाही, म्हणजे काळजीचे नाही' या समजुतीस आपल्या शास्त्रात आधार नाही. मांसार्बुद तर त्यांनी असाध्यच म्हटले आहे.

औषधी विक्रेत्यांचे स्थान येथे फार मोलाचे आहे. स्तनात गाठ आहे, असे सांगून कांचनार गुग्गुळ किंवा एखादा लेप मागणारी स्त्री, अथवा तिच्यासाठी आलेला पती, अनेक दुकानांच्या फळीपुढे उभा राहतो. औषध देऊन तीन महिने थांबवणे म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या रोगास तिसऱ्यात जाण्यास वाट करून देणे. तिला प्रथम स्तनपरीक्षण, सोनोग्राफी व मॅमोग्राफी यांसाठी पाठवावे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधी व जादुई उपचार अधिनियमाने निषिद्ध आहे, हेही दुकानात फलक लावणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

चिकित्सा चालू असलेल्या रुग्णेस औषध देताना तिच्या गोळ्यांची नावे पाहावीत. टॅमॉक्सिफेनचे शरीरात एन्डॉक्सिफेन या प्रभावी रूपात परिवर्तन होते. हळदीचा अर्क व पिपरीन एकत्र घेतल्याने त्याचे रक्तातील प्रमाण घटल्याचे नेदरलँड्समधील २०१९ च्या एका छोट्या अभ्यासात आढळले. स्वयंपाकातील हळदीचा हा प्रश्न नव्हे. कॅप्सूलमधील अर्क, तसेच मिरी-पिंपळीयुक्त योग दीर्घकाळ देण्यापूर्वी तज्ज्ञांशी बोलावे. केमोथेरपी घेत असलेल्या स्त्रीस १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ज्वर आल्यास लंघन-पाचनात वेळ दवडू नये. ते रुग्णालयाचे काम आहे. अग्निमांद्य, मलावरोध, निद्रानाश, मुखपाक येथे तज्ज्ञांच्या संमतीने आपल्या शास्त्राची मदत अवश्य द्यावी. वेदनेसाठी मॉर्फिन लिहून दिलेले असल्यास व्यसनाच्या भीतीने ते बंद करवू नये.

जागृतीस यंत्रेच हवीत असेही नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली आरंभिलेल्या अभ्यासात झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रिया समाविष्ट होत्या. त्यांपैकी एका गटाचे, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी स्तनपरीक्षण केले. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तिसऱ्या व चौथ्या टप्प्यात निदान होण्याचे प्रमाण परीक्षण झालेल्या गटात ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते, पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूत घट दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे. शासकीय कार्यक्रमातही तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी हे परीक्षण अंतर्भूत आहे. आपल्या शाखांनी स्त्रीवैद्यांसाठी त्याचे प्रशिक्षण योजावे, आणि ज्या स्त्रिया चौथ्या टप्प्यासह जगत आहेत त्यांनाही, त्यांची इच्छा असल्यास, त्या व्यासपीठावर बोलू द्यावे.