प्रश्न चढाचा आहे

न्यू जर्सीत रॅरिटन नदी समुद्राला मिळते, त्या मुखाशी पर्थ अँबॉय गावाला लागून दोन जुने पूल होते. दोन्ही एकाच जातीचे: बोट आली की मधला गाळा आडवा फिरून वाट मोकळी करणारे. रेल्वेचा पूल 1908 सालचा, रस्त्याचा 1926 सालचा. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेले एडिसन इथून थोड्याच मैलांवर आहे. रस्त्याच्या पुलाच्या, म्हणजे व्हिक्टरी ब्रिजच्या जागी 2004 आणि 2005 साली कधीच न हलणारे जुळे पूल उभे राहिले. पाण्यापासून त्यांची उंची 110 फूट. रेल्वेने मात्र आपला फिरता पूल काढून तिथे मधला गाळा वर उचलणारा पूल बांधायला घेतला. पाणी एकच, खारा वारा एकच, आणि निर्णय उलटे. तेव्हा कोणीतरी एक चुकले असणार असे पहिल्या नजरेत वाटते. मला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात. किनाऱ्यावरचा म्हातारा उघडता पूल पाडून तिथे उंच अचल पूल बांधावा की नाही, हे ठरवताना चर्चा नेहमी मोटारींच्या खोळंब्याभोवती फिरते. खरी कसोटी चढाची आहे. चढ परवडत असेल तिथे हलता गाळा ठेवायचे काहीही कारण उरत नाही.

कारण उघडत्या पुलाचे म्हातारपण वेगळे असते. साधा पूल झिजतो, गंजतो, पण त्याची झीज बहुधा सावकाश होते आणि दुरुस्तीला अवधी मिळतो. फिरत्या पुलात मधल्या खांबावरचे दातेरी चक्र, मोटारी, दोन्ही टोकांना गाळा पक्का बसवणाऱ्या पाचरी, सिग्नलशी जोडलेली कुलपे असे सगळे यंत्र खाऱ्या हवेत बाराही महिने उघड्यावर असते, आणि त्यातला एक भाग अडला तरी सगळा पूल अडतो. रेल्वेचा पूल असेल तर आणखी एक अट येते: गाळा परत बसताना रुळाचे टोक रुळाच्या टोकाशी तंतोतंत जुळले पाहिजे. हॅकेन्सॅक नदीवरचा 1910 सालचा पोर्टल ब्रिज याचे ठळक उदाहरण आहे. एडिसनहून न्यूयॉर्कला रोज नोकरीला जाणाऱ्यांची गाडी याच मार्गाने जाते. बोटीसाठी उघडल्यावर हा पूल नीट मिटेना, तेव्हा कामगारांनी घण मारून रूळ जागेवर बसवल्याच्या घटना घडल्या आहेत. कडक उन्हात पोलाद फुगते तेव्हा ही जुळणी अधिकच अवघड होते. ज्या रुळांवरून दिवसाला चारशेहून अधिक गाड्या धावतात, त्यांचा भरवसा घणाच्या घावावर ठेवावा लागावा ही गोष्ट मला असह्य वाटते. त्या कामगारांच्या कौशल्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. म्हणूनच त्यांच्यावर ही पाळी येऊ नये असे वाटते.

व्हिक्टरी ब्रिजच्या बदलाचे काम कसे झाले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. जुन्या पुलावरची रहदारी चालू ठेवून शेजारी पहिला नवा पूल बांधला, वाहने त्यावर वळवली, मग जुना पूल उतरवून दुसरा बांधला. पुलाचे काँक्रीटचे पोकळ तुकडे दूर व्हर्जिनियात, केप चार्ल्स इथे ओतले आणि बार्जवर लादून समुद्रमार्गे आणले. खांब उभा झाला की त्याच्या माथ्यापासून दोन्ही अंगांना एकेक तुकडा जोडत जायचे, तराजूची दोन पारडी सारखी ठेवावीत तसे. इकडे एक बसला की तिकडे एक. सांध्याला इपॉक्सीचा लेप, आणि आतून ओवलेल्या पोलादी तारा ताणून सगळे तुकडे एकमेकांवर घट्ट आवळायचे. खालून आधाराला परांची नाही, त्यामुळे नदीतली वाट बंद करावी लागत नाही. दोन बाजूंनी पुढे आलेले हात मधोमध भेटले की शेवटचा सांधा भरायचा. अशा रीतीने मधला 440 फुटांचा गाळा तयार झाला. त्यात ना फिरणारे चक्र आहे, ना पाचर. बोटीसाठी यापुढे काहीच हलवायचे नाही.

मग रेल्वेने हेच का केले नाही? गणित सोपे आहे. मोटारीला दर शंभर फुटांमागे पाच फूट चढ जड जात नाही, म्हणजे शंभर फूट वर जायला दोन हजार फुटांचा उतार पुरतो. रेल्वेला शंभरात एक फूट चढसुद्धा पुष्कळ असतो. तेवढ्याच उंचीसाठी तिला दहा हजार फूट, जवळजवळ दोन मैल लागतील, आणि तेही प्रत्येक तीरावर. पर्थ अँबॉय आणि साउथ अँबॉय ही दोन्ही स्थानके त्या अंतराच्या आतच येतात. ती हवेत तरी उचलावी लागतील, नाही तर सोडून द्यावी लागतील. ऑक्टोबर 2012 च्या सँडी वादळात रॅरिटनवरच्या या जुन्या रेल्वे पुलाचे गाळे जागचे सरकले आणि काही आठवडे गाड्या बंद राहिल्या. त्यानंतरही उचलताच पूल निवडावा लागला तो या चढामुळे. पण रेल्वे म्हटली की पूल हलताच हवा, असाही नियम करता येत नाही. पोर्टल ब्रिजखालून फार उंच जहाजे जात नाहीत. तिथे 23 फुटांवरून 50 फुटांवर गेले की भागते, आणि सत्तावीस फुटांचा चढ रेल्वेलाही झेपतो. म्हणून तिथे 2022 साली उंच अचल पुलाचे काम सुरू झाले.

उंच पुलाविरुद्धचे आक्षेप हलके नाहीत. उंची एकदा ठरली की कायमची ठरते, आणि उद्याची जहाजे त्याहून उंच असली तर? हे न्यू जर्सीतच घडले आहे. 1931 सालच्या बेयॉन पुलाची 151 फूट उंची मोठ्या कंटेनर जहाजांना अपुरी पडू लागली, तेव्हा कमान तशीच ठेवून रस्ता वर चढवला आणि 2017 साली 215 फुटांची वाट मोकळी झाली. खर्च प्रचंड झाला, हे खरे. पण बंदराच्या तोंडावरचा पूल आणि शिडाच्या नावांच्या खाडीवरचा पूल यांना एकच माप लावता येत नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या आतल्या जलमार्गावर अचल पुलांसाठी 65 फूट ही उंची रूढ झाली, आणि आता पुष्कळ नावा बांधणारे स्वतःच डोलकाठी त्या मापात बसवतात. दुसरा आक्षेप शेजाऱ्यांचा, आणि तो मला अधिक बोचतो. सँडी हूकजवळच्या हायलँड्स गावी 1930 च्या दशकातला उघडता पूल जाऊन 65 फुटांचा पूल आला. असा पूल येतो तेव्हा किनाऱ्यावरच्या घरांसमोर काँक्रीटचा डोंगर उभा राहतो, आणि पायी किंवा सायकलने जाणाऱ्याला चढ चढावा लागतो. फायदा दुरून येणाऱ्या मोटारींचा, भार जवळच्यांवर. म्हणून रुंद पदपथ आणि कमी चढ या गोष्टी मूळ आराखड्यातच असायला हव्यात. खर्च वाचवायची वेळ आली की पहिली कात्री त्यांनाच लागते, आणि हा अन्याय आहे. पैशाचा आक्षेप मला त्यामानाने कच्चा वाटतो. उंच पूल सुरुवातीला महाग पडतो खरा, पण उघडत्या पुलावर पाळीपाळीने माणसे, वीज, वंगण आणि दर काही वर्षांनी यंत्राची उलथापालथ हा खर्च पूल असेपर्यंत सुटत नाही.

काशीची गंगा घेऊन रामेश्वराला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूला ही सगळी तुलना एका नजरेत दिसते. पांबनच्या सामुद्रधुनीवर 1914 सालचा रेल्वे पूल होता, ज्याचे दोन पंख बोटीसाठी माणसे हाताने उघडत. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात त्याचे बरेच गाळे वाहून गेले, पण उघडणारा गाळा टिकला, आणि रेल्वे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली 46 दिवसांत पूल पुन्हा चालू झाला. शेजारी 1988 साली रस्त्याचा उंच, अचल पूल झाला. रेल्वेने 2025 साली नवा पूल उघडला तो पुन्हा हलताच, 72.5 मीटरचा गाळा सरळ वर उचलणारा. बोट जायची असली की रूळ वर जातात आणि रेल्वेची वाट तेवढा वेळ बंद होते. शेजारच्या उंच पुलावरून बस त्याच वेळी न थांबता पलीकडे उतरते.