अभ्यासाच्या वाटा

दिवेलागणीची वेळ झाली, की घराघरांतून अभ्यासाचे आवाज उठू लागतात. कोणी धडा मोठ्याने वाचीत येरझारा घालतो. त्याची बहीण वहीत आकृत्या काढीत शांत बसलेली असते. तिसऱ्याला तीच ओळ चार वेळा लिहून काढल्यावाचून चैन पडत नाही. चौथा पुस्तक उघडून खिडकीबाहेर पाहत राहतो, आणि वडीलधारी माणसे त्याला ‘मठ्ठ’ म्हणून मोकळी होतात. हा एवढासा शब्द मुलाच्या मनाला किती वर्षे चिकटून राहतो, याची त्यांना बहुधा कल्पना नसते.

माणसांच्या बुद्धीत भेद असतो, हे तर खरेच. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली एक ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले, की बुद्धी ही एकच एक शक्ती नसून तिचे अनेक प्रकार आहेत. भाषेची, गणिताची व तर्काची, सुरांची, आकार व अवकाश जाणण्याची, शरीराच्या हालचालींची, दुसऱ्याचे मन ओळखण्याची आणि स्वतःचे मन ओळखण्याची, असे सात प्रकार त्यांनी त्या वेळी सांगितले. पुढे निसर्गातील भेद टिपणाऱ्या बुद्धीची त्यांत भर पडली. सर्वच मानसशास्त्रज्ञांना हा विचार पटला नाही. शिक्षकांना मात्र तो फार आवडला, आणि ते साहजिकच होते. हिशेबात चुकणारा मुलगा सुरेल गात असेल, तर त्याला मठ्ठ कोणत्या तोंडाने म्हणावे?

परंतु चांगल्या विचाराचेही कधी कधी विपरीत होते. हा डोळ्यांनी शिकणारा, ती कानांनी शिकणारी, तो हातांनी शिकणारा, अशा जणू चिठ्ठ्या मुलांना लावण्याची चाल अनेक देशांतील शाळांत पडली. ज्याची चिठ्ठी कानाची, त्याला सारे ऐकवूनच शिकवावे, असे लोक म्हणू लागले. २००८ साली चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यासंबंधीचे संशोधन तपासून पाहिले. अशी वाटणी केल्याने मुले अधिक शिकतात, असे मानण्यास पुरेसा आधार त्यांना आढळला नाही. बुद्धीचे प्रकार म्हणजे शिकण्याच्या ठरीव रीती नव्हेत, असे खुद्द गार्डनर यांनीही स्पष्ट केले आहे. शिवाय ‘मठ्ठ’ हा शब्द तरी काय, तीही एक चिठ्ठीच!

मग स्वतःच्या बुद्धीचा कल पाहून अभ्यास करण्यात काहीच अर्थ नाही काय? लंडनमधील एका गरीब मुलाची हकिकत या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकते.

मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. त्याचा जन्म १७९१ सालचा. शाळेत त्याला लिहिणे, वाचणे आणि थोडेसे अंकगणित एवढेच शिकावयास मिळाले. वयाच्या चौदाव्या वर्षी तो पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करू लागला. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो बांधता बांधता वाची. एका ज्ञानकोशातील विजेवरचा लेख त्याच्या हाती असाच आला. परंतु नुसत्या वाचण्याने त्याचे समाधान होत नसे. खिशाला परवडेल तेवढे साहित्य आणून तो लहानसहान प्रयोग स्वतः करून पाही.

आपली स्मरणशक्ती चांगली नाही, अशी फॅरेडेची तक्रार असे. तेव्हा आयझॅक वॉट्स या लेखकाच्या पुस्तकातील उपदेशाप्रमाणे त्याने वाचलेले व पाहिलेले टिपून ठेवण्याची सवय लावून घेतली. दुकानाच्या घरात एक चित्रकार राहत असे. त्याच्याकडून त्याने चित्रे काढण्याचे तंत्रही शिकून घेतले. १८१२ साली प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकण्याची संधी त्याला मिळाली. सभागृहात त्याने झटपट टिपणे घेतली. घरी येऊन ती सविस्तर लिहून काढली, उपकरणांची चित्रे रेखाटली आणि सारे कागद आपल्याच हातांनी बांधून ते पुस्तक डेव्हींकडे पाठवून दिले. पुढच्याच वर्षी डेव्हींनी त्याला आपला साहाय्यक नेमले. ज्या हातांना केवळ पुस्तके बांधावयाची, त्यांनीच त्या मुलाला प्रयोगशाळेचे दार उघडून दिले.

उच्च गणित मात्र फॅरेडे यांना शेवटपर्यंत आले नाही. पण लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरला, की त्याच्या ज्या वक्र रेषा उमटतात, त्या पाहून त्यांच्या मनापुढे चित्र उभे राही. या रेषा अवकाशभर पसरलेल्या आहेत, असे ते मानीत. १८३१ साली त्यांनी लोखंडाच्या एका कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकातील विजेचा प्रवाह सुरू अथवा बंद केला, की दुसऱ्यात क्षणभर प्रवाह उत्पन्न होई. वीजनिर्मितीची यंत्रे ज्या तत्त्वावर चालतात, ते तत्त्व येथे हाती लागले.

त्याच वर्षी एडिंबरो येथे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा जन्म झाला. यांची बुद्धी गणिताची. १८४६ साली, ते अवघे चौदा वर्षांचे असताना, वक्र रेषांवरील त्यांचे टिपण तेथील विद्वानांच्या सभेत वाचले गेले. पुढे विजेचा अभ्यास करण्याचे ठरविले, तेव्हा त्यांनी सरळ गणिताचे ग्रंथ उघडले असते, तर कोणालाही आश्चर्य वाटले नसते. त्यांनी निश्चय केला तो असा, की फॅरेडे यांचे प्रयोगांचे ग्रंथ पुरे वाचून होईपर्यंत या विषयावरील गणिताकडे वळावयाचे नाही. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले, की फॅरेडे यांच्या मनातील चित्रेही एक प्रकारचे गणितच आहे. फक्त त्यात चिन्हे नाहीत. मग त्यांनी ती चित्रे समीकरणांत मांडली. १८५७ साली वृद्ध फॅरेडे यांनी तरुण मॅक्सवेल यांना पत्र लिहून विचारले, की गणिताने काढलेले निष्कर्ष आपल्यासारख्यांना साध्या भाषेत सांगता येणार नाहीत काय? एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला असे विचारण्यात कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दोघांनीही आपला कल ओळखला होता. परंतु त्याचे कुंपण करून घेतले नाही. विषयाची मागणीही त्यांनी ओळखली. नदीचा मार्ग नकाशावर बोट फिरवून कळतो, तो कितीही वेळ घोकून कळत नाही. उच्चार कानांनीच पारखावे लागतात. पोहणे तर विहिरीत उतरल्यावाचून कोणालाच आलेले नाही, मग त्याची बुद्धी कोणत्याही प्रकारची असो.

काही रीती मात्र कोणत्याही कलाच्या मुलाला उपयोगी पडतात. २००६ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लहान उतारे वाचावयास दिले. काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले. काही, पुस्तक मिटून, आठवतील तसे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचलेले उतारे अधिक आठवले. आठवड्याने घेतली, तेव्हा मात्र लिहून काढलेल्या उताऱ्यांची सरशी झाली. पुन्हा पुन्हा वाचल्याने धडा ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचा वाटला म्हणजे आला, अशी मुलांची समजूत होते. परीक्षेच्या दिवशी ती फार महागात पडते.

फॅरेडे यांनी आपल्या दुबळ्या स्मरणशक्तीसाठी शेवटपर्यंत वहीचीच सोबत धरली. १८३२ सालापासून ते प्रयोगांच्या टिपणांतील परिच्छेदांना ओळीने क्रमांक घालू लागले. १८६० पर्यंत ते क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेले. एखादा जुना प्रयोग आठवेनासा झाला, की ते वही उघडीत आणि क्रमांक शोधून काढीत.