चिनी ड्रॅगन

चिनी ड्रॅगन (चिनी नाव: लोंग) हा चिनी पुराणकथा, लोकधर्म व कला यांतील एक काल्पनिक प्राणी असून तो चिनी संस्कृतीचे सर्वांत परिचित प्रतीक मानला जातो. युरोपीय कथांमधील आग ओकणाऱ्या, खजिन्यावर पहारा देणाऱ्या आणि अखेर वीराच्या हातून मारल्या जाणाऱ्या ड्रॅगनशी त्याचे नावापलीकडे फारसे साम्य नाही. लोंग हा पावसाचा व जलाशयांचा अधिपती, शुभसूचक आणि सामर्थ्यवान समजला जातो. आज अनेक चिनी लोक स्वतःला ‘ड्रॅगनचे वंशज’ म्हणवतात. मात्र दीर्घकाळ हे सम्राटाचे राजचिन्ह होते. सर्व लोकांची सामाईक ओळख म्हणून त्याचा प्रसार मुख्यतः विसाव्या शतकात झाला.

स्वरूप

लोंगचे शरीर सर्पासारखे लांब असते व त्याला चार पाय असतात. हान काळातील विद्वान वांग फू याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या वर्णनानुसार त्याचे अवयव नऊ प्राण्यांसारखे असतात. हरणाची शिंगे, उंटाचे डोके, सापाची मान, कार्प माशाचे खवले, गरुडाच्या नख्या, वाघाचे पंजे, बैलाचे कान ही त्यांपैकी काही होत. त्याला बहुधा पंख नसतात. तरीही तो आकाशात संचार करतो, अशी समजूत आहे. चित्रांत त्याच्याजवळ अनेकदा एक मोती दाखवलेला असतो.

प्राचीन अवशेष

हनान प्रांतातील पुयांग येथे १९८७ मध्ये नवाश्मयुगीन थडगे सापडले. त्यातील मानवी सांगाड्याच्या एका बाजूस शिंपल्यांनी रचलेली ड्रॅगनची व दुसऱ्या बाजूस वाघाची आकृती आहे. ही रचना सुमारे ६,००० वर्षांपूर्वीची मानली जाते. आंतरिक मंगोलियात मिळालेली होंगशान संस्कृतीची अर्धवर्तुळाकार जेड आकृतीही प्रसिद्ध आहे. या आकृत्या घडवणारे लोक त्यांना काय म्हणत होते, हे मात्र समजण्यास मार्ग नाही. ‘ड्रॅगन’ हे नाव त्यांना आधुनिक अभ्यासकांनी दिलेले आहे. लोंग या अर्थाचे अक्षर शांग काळातील भविष्यकथनाच्या अस्थींवर कोरलेले आढळते.

पर्जन्यदेवता आणि नाग

शेतीप्रधान समाजात लोंगचे महत्त्व प्रामुख्याने पावसाशी निगडित होते. हान काळात अवर्षणाच्या वेळी मातीचे ड्रॅगन करून पर्जन्यविधी केले जात. पुढे गावोगावी ड्रॅगनराजाची मंदिरे उभी राहिली. नवस करूनही पाऊस न पडल्यास देवाला उन्हाचा चटका कळावा म्हणून त्याची मूर्ती उन्हात ठेवण्याची चालही काही भागांत होती.

ड्रॅगनराजाच्या कल्पनेवर भारतीय प्रभाव आहे. बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर करताना ‘नाग’ या शब्दासाठी ‘लोंग’ हाच शब्द योजला गेला. त्यामुळे जलाशयांचे रक्षण करणारे नागराज चिनी ड्रॅगनराजांमध्ये मिसळून गेले. बौद्ध आचार्य नागार्जुन यांचे चिनी नाव ‘लोंगशू’ असे आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘ड्रॅगन-वृक्ष’ असा होतो.

राजचिन्ह

हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग याचा जन्म ड्रॅगनच्या संयोगातून झाल्याची कथा इतिहासकार सिमा छ्येन याने नोंदवली आहे. शेतकरी कुटुंबातील माणसाच्या सत्तेला दैवी अधिष्ठान देण्याचे काम या कथेने केले. त्यानंतर सम्राटाचे आसन, पोशाख आणि त्याची मुद्रा यांच्याशी ड्रॅगनचे नाते दृढ होत गेले.

युआन, मिंग व छिंग या राजवटींत पाच नख्यांच्या ड्रॅगनच्या वापरावर निर्बंध होते. अधिकाऱ्यांच्या वस्त्रांवर सामान्यतः चार नख्यांची आकृती असे. नऊ हा अंकही सम्राटाशी जोडलेला होता. दातोंग येथील मिंगकालीन आणि बीजिंगमधील छिंगकालीन ‘नऊ ड्रॅगनांच्या भिंती’ याची साक्ष देतात.

राष्ट्रीय प्रतीकाकडे

छिंग सरकारने १८८९ मध्ये पिवळ्या पार्श्वभूमीवर निळा ड्रॅगन असलेला आयताकृती ध्वज स्वीकारला. त्यामुळे राजघराण्याचे चिन्ह प्रथमच देशाचे चिन्ह म्हणून जगापुढे आले. १९१२ मध्ये राजेशाही संपली आणि तो ध्वजही मागे पडला. १९५० मध्ये स्वीकारलेल्या चीनच्या राष्ट्रचिन्हातही ड्रॅगन नाही. त्यात तियानआनमन द्वार, पाच तारे, धान्याच्या लोंब्या व दातेरी चक्र आहे.

जपानशी युद्ध सुरू असताना कवी व संशोधक वन यीदुओ (१८९९–१९४६) यांनी एक नवा अर्थ मांडला. त्यांच्या मते सर्पचिन्ह असलेल्या टोळीने इतर टोळ्यांना सामावून घेताना त्यांची प्राणिचिन्हेही स्वीकारली आणि त्यातून हा संमिश्र प्राणी निर्माण झाला. या मताला निर्णायक पुरातत्त्वीय आधार नाही. परंतु आक्रमणाच्या काळात ‘अनेकांतून एक’ ही कल्पना लोकांना भावली.

१९७८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने तैवानमधील सरकारशी राजनैतिक संबंध तोडून बीजिंगमधील सरकारला मान्यता देण्याचे जाहीर केले. त्या अस्वस्थतेतून तैवानमधील होउ देजियान यांनी ‘ड्रॅगनचे वंशज’ हे गीत रचले. १९८३ मध्ये ते मुख्य भूमीवर गेले आणि पुढे हे गीत तेथेही अत्यंत लोकप्रिय झाले. राजकीयदृष्ट्या विभागलेल्या दोन्ही बाजूंच्या लोकांना एकच ओळख देणारा हा शब्दप्रयोग अशा रीतीने रूढ झाला.

लोकजीवनात

ड्रॅगन हे चिनी राशिचक्रातील पाचवे वर्ष असून त्यातील एकमेव काल्पनिक प्राणी आहे. या वर्षी जन्मलेली मुले भाग्यवान ठरतात, या समजुतीचा परिणाम जन्मसंख्येवरही दिसतो. चीनमध्ये २०२३ साली सुमारे ९०.२ लाख, तर २०२४ या ड्रॅगनवर्षी सुमारे ९५.४ लाख जन्म नोंदले गेले. नववर्षातील ड्रॅगननृत्य आणि पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशी होणाऱ्या नौकाशर्यती जगभरच्या चिनी वस्त्यांत आढळतात. या नौकोत्सवाचा समावेश युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

वाद

या प्रतीकाविषयीचे आक्षेप प्रामुख्याने दोन आहेत. पहिला आक्षेप भाषांतराचा आहे. ‘ड्रॅगन’ या शब्दामुळे पाश्चात्त्य वाचकांसमोर हिंस्र राक्षस उभा राहतो. मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही चीनचा उल्लेख ‘ड्रॅगन’ असा होतो, तेव्हा त्यात बहुधा आक्रमकतेची छटा असते. या कारणास्तव हे प्रतीक बदलावे, असे मत २००६ मध्ये शांघायमधील एका प्राध्यापकाने मांडल्यावर चीनमध्ये तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. २०२४ मध्ये चिनी प्रसारमाध्यमांनी इंग्रजी मजकुरात ‘ड्रॅगन’ऐवजी मूळ उच्चाराशी जवळचा ‘लूंग’ हा शब्द ठळकपणे वापरला.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. होउ यांच्या गीतात ड्रॅगनच्या वंशजांची ओळख डोळे, केस व त्वचा यांच्या रंगावरून सांगितली होती. चीनमधील उइघुरांसारख्या समाजांतील अनेकांना हे वर्णन लागू पडत नाही. खुद्द होउ यांनी पुढे ती ओळ बदलली. दुसरीकडे, ड्रॅगनपासून वंश सांगण्याची परंपरा केवळ चिनी नाही. व्हिएतनामी लोकही आपला मूळपुरुष ड्रॅगनकुळातील मानतात, तर भूतानच्या ध्वजावर आजही ड्रॅगन आहे.