लाकडी घोड्यांचे चक्र

मंडळी, जत्रेतला उभा रहाटपाळणा आणि आडवा फिरणारा चक्रीपाळणा, दोन्ही तुमच्या ओळखीचे आहेत. मधोमध एक खांब, खांबापासून निघालेले आरे, आऱ्यांखाली घोडे, आणि घोड्यांवर बसून गरगर फिरणारी पोरं. आता असे समजा, की असा एखादा पाळणा शंभराहून अधिक वर्षांचा झाला आहे. घोड्यांचा रंग काळवंडला आहे, कुणाचा पाय खिळखिळा झाला आहे, कुणाचा कान तुटला आहे. गावाने त्याचे काय करावे?

कुणी म्हणेल, मोडीत काढा. कुणी म्हणेल, झकास तैलरंग द्या, नवाकोरा दिसेल. आणि तिसरा म्हणेल, कुलूप लावून ठेवा, पोरं मोडतील. हे तिन्ही सल्ले बाजूला सारून एका शेतकरी मुलखाने चौथी वाट काढली. त्याची हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे.

अमेरिकेत कोलोरॅडो नावाचे राज्य आहे. त्याच्या पूर्व टोकाला किट कार्सन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग. बर्लिंग्टन हे तिचे ठाण्याचे गाव. भोवती सपाट माळरान, गहू-मक्याची शेती आणि गुरेढोरे. डेन्व्हर शहरातल्या एलिच गार्डन्स या करमणुकीच्या बागेत १९०५ सालचे एक चक्र होते. फिलाडेल्फिया टोबॉगन कंपनीने बनवलेले ते सहावे चक्र. बागेला नवे चक्र हवे होते, म्हणून जुने विकायला निघाले. काउंटीच्या कमिशनरांनी ते १९२८ साली १,२५० डॉलरांना विकत घेतले आणि बर्लिंग्टनच्या शेतकी जत्रेच्या मैदानात उभे केले.

लोक काय म्हणाले असतील? तेच, जे आपल्या गावातही म्हटले असते. रस्ते नीट नाहीत, आणि तुम्ही घोडे कसले विकत घेता! हा निर्णय कमिशनरांना पुढे निवडणुकीत भोवला. त्यातच १९३० नंतर मंदी आली, पाऊस दडला, धुळीची वादळे उठली. जत्रा बंद पडली. चक्राच्या इमारतीत गुरांची वैरण भरली गेली. वैरण आली की उंदीर आलेच. चक्रासोबत संगीताची एक मोठी पेटी होती. उंदरांनी तिची नासधूस केली.

या चक्रावर ४६ जनावरे आहेत आणि बसायला चार रथ आहेत. घोडे तर आहेतच, शिवाय जिराफ, झेब्रा, उंट, सिंह, वाघ, आणि अर्धा घोडा अर्धा मासा असा एक चमत्कारिक प्राणीही आहे. मधल्या भागाभोवती ४५ तैलचित्रे लावलेली आहेत. जनावरे वरखाली उडत नाहीत, जागच्या जागी उभी राहून चक्राबरोबर फिरतात.

असा घोडा एका ओंडक्यातून कोरलेला असेल असे आपल्याला वाटते. तसे नसते. फळ्या सरसाने जोडून आतून पोकळ अशी पेटी करतात, तिच्यावर धड कोरतात. पाय आणि मुंडके वेगळे कोरून बसवतात. यामुळे वजन कमी होते. शिवाय हवा बदलली की लाकूड फुगते आणि आकसते. भरीव ओंडका अशा वेळी तडकतो, पोकळ पेटी पुष्कळ टिकते. मात्र सांधा हेच तिचे दुखणे. म्हणून जुना घोडा तपासताना आधी सांधे बघायचे, मग रंग.

चांगले दिवस परत आले तेव्हा, १९७० नंतरच्या दशकात, गावाने दुरुस्ती हाती घेतली. आता खरी परीक्षा होती. अशी बहुतेक चक्रे दर काही वर्षांनी रंगवतात. थरावर थर चढतो आणि कोरीव आयाळीच्या रेषा बुजतात. इथे मात्र वरच्या काळपट वॉर्निशखाली १९०५ चाच रंग शिल्लक होता! तेव्हा नवा रंग लावायचा नाही असे ठरले. वरचे वॉर्निश तेवढे काढायचे आणि खालचा रंग उघडा करायचा.

बोलायला सोपे, करायला महाकठीण. वॉर्निश विरघळवणारे द्रव्य थोडे जरी जास्त झाले, तरी खालचा रंगही निघून येतो. म्हणून अशा कामात आधी पोटाखालच्या, सहसा न दिसणाऱ्या, बोटभर जागेवर प्रयोग करून बघतात. मग कापसाच्या बोळ्याने वीत-वीत पुढे सरकायचे. रंग उडाला असेल तेवढीच जागा भरायची, अख्खा घोडा रंगवायचा नाही. तुकडा नवा बसवावा लागला, तर जुना तुकडा जपून ठेवायचा.

संगीताची पेटी १९०९ सालची, वुर्लिट्झर कंपनीची. ती भोके पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर चालते. भोक आले की वाट मोकळी होते, भात्यातला वारा त्या सुराच्या नळीत शिरतो आणि सूर उमटतो. तीही दुरुस्त होऊन पुन्हा वाजू लागली.

एवढ्यात घात झाला. १९८१ साली चोरट्यांनी तीन लहान घोडे आणि एक गाढव पळवले. ज्या गावाने एकेकाळी या खरेदीवर तोंडसुख घेतले, तेच गाव हळहळले. सुदैवाने जनावरे त्याच वर्षी सापडली आणि जागेवर परत आली. १९८७ साली या चक्राला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा मान मिळाला. आणि तरीही पोरं त्यावर बसतातच! कित्येक वर्षे एका फेरीचे तिकीट फक्त २५ सेंट, म्हणजे पाव डॉलर होते. फिरतं चक्र वंगण मागतं, कुणीतरी रोज त्याच्याकडे बघतं. बंद चक्राकडे कोण बघणार? तिथे तर वैरणच भरली जाते.

गुरुजी, बाई, तुमच्या भागातल्या जत्रेत जुना लाकडी पाळणा येत असेल, तर मुलांना घेऊन त्याच्या मालकाशी बोला. रंगवायच्या आधी फोटो काढून ठेवा. वाळवीचे पोकळ लाकूड टोचणीने टोचून ओळखता येते, ते मुलांना दाखवा. पाळणा उतरवल्यावर सुटे भाग ओल्या जमिनीवर टाकू नयेत, फळ्यांवर उंच ठेवावेत. आणि एक गोष्ट मालकाला आवर्जून सांगा: आस, खिळे, साखळी, बैठक, म्हणजे ज्यावर पोराचा जीव अवलंबून आहे, ते झिजले की बिनदिक्कत नवे घाला. तिथे जुन्याचा लोभ नको. पण घोड्याचा चेहरा ज्या हाताने रंगवला, तो हात आता नाही. त्याच्यावर डबा ओतण्यापूर्वी एकवार नखाएवढी जागा पुसून बघा, खाली काय आहे ते.