चिठ्ठी दिल्यानंतरचं काम

सकाळी नऊ. जव्हारच्या रुग्णालयाच्या आवारात गाडीत सामान चढतं: वजनकाटा, उंचीची पट्टी, दृष्टीचा तक्ता, टॉर्च, औषधांची पेटी. पथक चौघांचं. आम्ही दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि सिस्टर. हे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं; तो २०१३ साली आमच्या पालघरमध्येच सुरू झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. अंगणवाड्या वर्षातून दोनदा, शाळा एकदा, आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं, असा आमचा संसार.

साडेदहा. रस्ता संपतो तिथून थोडं चालायचं. गुरुजींनी पटाची वही काढून ठेवलेली असते. पहिला प्रश्न माझा ठरलेला: "आज कोण नाही आलं?" गैरहजर मुलांतच आजारी मूल असण्याची शक्यता जास्त.

अकरा. व्हरांड्यात सहा मीटर मोजून तक्ता लावतो. अक्षरओळख लागत नाही. इंग्रजी ‘ई’ची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते बोटांनी दाखवायचं. रांगेत मागे उभी असलेली पोरं मात्र पुढच्याची उत्तरं पाठ करतात. म्हणून सिस्टर ओळ बदलून विचारतात. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारी मुलं गुरुजींकडून आधीच कळलेली असतात. त्यांची चूक नसते, फळाच दिसत नसतो.

मग माझ्यापुढे एकेक मूल. यादीत चार गट: जन्मजात व्यंग, कमतरता, आजार, वाढीतला विलंब. प्रत्यक्षात नजर आधी नखांवर जाते, मग पापणी खाली ओढून आतल्या रंगावर. किडलेले दात जवळजवळ प्रत्येकाकडे. बोटांच्या बेचक्यात खरूज असली तर मलम एकट्यासाठी देऊन उपयोग नाही; घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी लावावं लागतं. फुटणारा कान आईला किरकोळ वाटतो, पण त्यातूनच ऐकणं जातं. अंगावर फिकट चट्टा दिसला की डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा फिरवते. स्टेथोस्कोप लावला की शांतता हवी असते, गुरुजी "गप्प बसा!" म्हणून ओरडतात आणि त्यांचाच आवाज जास्त होतो.

दीड. खिचडी. लोहाच्या गोळ्या आठवड्यातून एकदा, जेवणानंतरच. लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळ्या. उपाशीपोटी मळमळतं, आणि एकाने उलटी केली की पुढच्या आठवड्यात वर्गातली निम्मी पोरं गोळी गालात लपवतात.

तीन. चौथीतल्या एका मुलीच्या छातीत सकाळी वेगळा आवाज ऐकू आला होता. आईला शेतावरून बोलावलं.

"ताई, हिची धाव इतरांपेक्षा कमी पडते का?"

"दमते लवकर. लहानपणापासूनच."

"हृदयाची सोनोग्राफी करून बघायला हवी. जिल्ह्याला शिबिर असतं. पैसे लागत नाहीत, ऑपरेशन सांगितलं तरी नाहीत."

"पैसे नाही, मॅडम, पण दिवस मोडतात. आणि दिवाळी झाली की आम्ही भिवंडीला, भट्टीवर."

मी चिठ्ठी भरली. वर तिच्या नवऱ्याचा आणि मुकादमाचाही नंबर लिहून घेतला. दिवाळीनंतर या भागातली कितीतरी घरं वीटभट्टीवर जातात, पोरंही सोबत जातात, आणि पावसाआधी परततात. तपासणीचं वेळापत्रक करताना हे कुणी ध्यानात घेत नाही. नोव्हेंबरात शाळेत पोचलो तर पट भरलेला, बाकं रिकामी. माझ्या मते आश्रमशाळा नंतर घ्याव्यात, कारण ती मुलं वसतिगृहात सापडतात. वस्तीवरच्या शाळा मात्र जून ते सप्टेंबरातच आटपाव्यात. पावसात गाडी अडते हे खरं, पण पायी जाता येतं.

पाच. परत आल्यावर नोंदी चढवायच्या. वरून फोन येतो तो एकाच आकड्यासाठी: आज किती तपासली? किती मुलांचे उपचार पुरे झाले, हा रकानाही तिथेच आहे, पण त्याची विचारपूस क्वचितच होते. तपासणीला मुलामागे काही मिनिटं पुरतात. रेफर केलेलं मूल रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचायला महिने जातात. गुरुजी, आशाताई, बसभाडं, आजी नको म्हणते, भाऊ आजारी, अशी सगळी वळणं त्यात येतात.

सहानंतर जुन्या चिठ्ठ्यांचे फोन. तिरळ्या डोळ्याच्या मुलाचे वडील उचलतात, मंगळवारी येतो म्हणतात. दुसरा नंबर बंद. तिसरा मुकादमाचा, तो म्हणतो, ते कुटुंब आता वसईच्या बाजूला आहे. मग तिकडच्या पथकातल्या डॉक्टरांना फोन लावते आणि मुलाचं नाव, वय, भट्टीचा पत्ता सांगते. ते लिहून घेतात, आणि त्यांच्याकडची दोन जव्हारची नावं मला सांगतात.